हायकूमध्ये हे का नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हायकू ही डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिम बसवून पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बी या कंपनीची बीओएस ही सिस्टिम होती. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पामने विकत घेतली आणि बीओएस तिथेच थांबली. त्याच वर्षी काही प्रोग्रामरांनी ओपनबीओएस या नावाने ती पहिल्यापासून लिहायला घेतली आणि २००४ मध्ये त्या कामाचे नाव हायकू झाले. पहिली अल्फा, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीची, आवृत्ती २००९ ची, पाचवी बीटा, म्हणजे पुढच्या चाचणीची, आवृत्ती सप्टेंबर २०२४ ची. खालची उत्तरे या पाचव्या बीटाला धरून आहेत.

आलेल्या निम्म्या प्रश्नांचे मूळ एकाच गोष्टीत आहे: हायकूचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिचा स्वतःचा आहे, तो लिनक्स नव्हे. लिनक्ससाठी लिहिलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) इथे आणून बसवता येत नाही. नेटवर्कच्या बाबतीत फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमांचे ड्रायव्हर एका जुळवणीच्या थरातून चालवले जातात, म्हणून वाय-फाय पुष्कळ यंत्रांवर पहिल्याच फटक्यात लागते. ग्राफिक्स, ब्लूटूथ, कॅमेरा यांचे काम मोजक्या स्वयंसेवकांना स्वतः करावे लागते, आणि तिथेच उणिवा सर्वाधिक आहेत.

प्रश्न : इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, 'पूर्ण झाले' म्हणाला. पेनड्राइव्ह काढून यंत्र सुरू केले तर थेट विंडोज उघडते. हायकू कुठे गेली?

उत्तर : हायकू डिस्कवर आहे, तिला सुरू करणारी फाइल जागेवर नाही. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचे फर्मवेअर (यंत्र सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर) असलेल्या यंत्रांवर ही फाइल डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या भागात, असावी लागते आणि इन्स्टॉलर ती तिथे ठेवत नाही. हे काम हाताने करायचे.

आधी यंत्राच्या सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद करा. हायकूच्या बूटलोडरवर, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या फाइलीवर, त्यासाठी लागणारी सही नाही, त्यामुळे ते चालू असेल तर पेनड्राइव्हवरूनही काही सुरू होणार नाही. मग पेनड्राइव्हवरून हायकू सुरू करा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'माउंट' मेनूतून दोन पार्टिशने उघडा: पेनड्राइव्हवरचे 'हायकू ईएसपी' आणि तुमच्या डिस्कवरचे ईएफआय पार्टिशन. दुसरे ओळखायची खूण म्हणजे ते फॅट प्रकारचे असते आणि आकाराने बरेच लहान, काहीशे एमबीचे. त्याच्या 'ईएफआय' फोल्डरात 'हायकू' नावाचा नवा फोल्डर करा आणि पेनड्राइव्हवरच्या 'ईएफआय', 'बूट' या वाटेने मिळणारी 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल त्यात कॉपी करा.

आता फर्मवेअरला ती दाखवायची. काही यंत्रांच्या सेटअपमध्ये फाइल निवडून बूटची नवी नोंद करता येते. ती सोय नसेल तर रीफाइंड हा बूट मॅनेजर बसवा, तो 'हायकू' फोल्डर आपोआप शोधतो. डिस्कवर हायकूशिवाय दुसरे काहीच नसेल तर फाइल 'ईएफआय' खालच्या 'बूट' फोल्डरातच त्याच नावाने ठेवली की पुरते. विंडोज असलेल्या डिस्कवर मात्र त्या फोल्डरातली आधीची फाइल पुसू नका. ती पुसल्यामुळे दोन्ही सिस्टिमा सुरू न होण्याची वेळ येते.

जुन्या, बायोसवाल्या (यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरच्या) यंत्रावर हे सगळे लागत नाही. इन्स्टॉलरच्या 'टूल्स' मेनूतला बूट मेनू तिथे काम करतो.

आणखी एक सूचना, बसवण्याआधीची. हायकूच्या ड्राइव्हसेटअप या पार्टिशने करणाऱ्या प्रोग्राममध्ये पार्टिशनचा आकार नंतर कमीजास्त करण्याची सोय नाही. विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच आधी आक्रसून घ्या. हायकूला किमान ३ जीबी पुरते, पण १६ जीबी द्या, कारण दर अपडेटनंतर जुनी पॅकेजेसही डिस्कवर राहतात.

प्रश्न : स्क्रीनच्या सेटिंगमध्ये एकच रिझोल्यूशन दिसते, ब्राइटनेस बदलत नाही आणि फुल एचडी व्हिडिओ अडखळतो. ग्राफिक्स कार्ड चांगले महाग आहे.

उत्तर : कार्ड महाग असले तरी हायकू ते वापरत नाही. इंटेलच्या अनेक आणि एएमडीच्या काही चिपांसाठी ड्रायव्हर आहेत. त्यांत तुमचे कार्ड नसेल तर फर्मवेअरने सुरू होताना जी चौकट आखून दिली तीच हायकू धरून ठेवते. रिझोल्यूशन त्या क्षणी ठरते, नंतर बदलत नाही. बदलायचे असेल तर सुरू होतानाच बदलावे लागते. यूईएफआय यंत्रावर बूट होताना स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबा, बायोस यंत्रावर शिफ्ट धरून ठेवा. मेनू आला की 'सिलेक्ट फेल-सेफ व्हिडिओ मोड' मध्ये जा. फर्मवेअर जेवढे मोड देते तेवढेच तिथे दिसतात, त्यामुळे पॅनलचे मूळ रिझोल्यूशन त्या यादीत नसेल तर त्यावर उपाय नाही.

ड्रायव्हर असलेल्या चिपांवरही तो पडद्याचे मोड लावण्यापुरताच आहे. त्रिमितीय चित्रणाचे सगळे गणित मेसा या ग्राफिक्स लायब्ररीच्या सॉफ्टवेअर रेंडररमार्फत प्रोसेसरच करतो. व्हिडिओचेही तेच: एफएफएमपेग ही व्हिडिओ उलगडणारी लायब्ररी सगळे डिकोडिंग प्रोसेसरवर करते. म्हणून एकाच लांबीच्या दोन फाइलींत मोठा फरक पडतो. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ प्रकारची ७२० ओळींची फाइल जुन्या ड्युअल-कोर प्रोसेसरवरही सहसा सरळ चालते. तोच व्हिडिओ एव्ही१ या नव्या प्रकारात असेल तर प्रोसेसर पूर्ण भरतो आणि फ्रेम गळतात. ब्राउझरमध्ये अडखळणारी फाइल मीडियाप्लेयरमध्ये उघडून पाहा, ब्राउझरचे स्वतःचे ओझे तेवढे कमी होते. त्रिमितीय खेळ किंवा मॉडेलिंग हे मुख्य काम असेल तर हायकू त्या यंत्रावर बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दुसरा मॉनिटर जोडला. डेस्कटॉप त्यावर पसरत नाही.

उत्तर : दोन मॉनिटरांवर एकच डेस्कटॉप पसरवण्याची सोय हायकूत नाही. जागेची गरज भागवायला दोन गोष्टी आहेत आणि त्या खरोखर उपयोगी आहेत. वर्कस्पेस, म्हणजे एकाच पडद्यावरचे वेगवेगळे डेस्कटॉप, ३२ पर्यंत करता येतात, ऑल्ट आणि एफ१, एफ२ अशा कळांनी पटकन बदलतात आणि प्रत्येकाचे रिझोल्यूशनही वेगळे ठेवता येते. दुसरी गोष्ट म्हणजे खिडक्या जोडणे. विंडोज कळ दाबून ठेवून एका खिडकीचा पिवळा टॅब दुसरीच्या टॅबवर सोडला की दोन्ही एका गठ्ठ्यात येतात, कडेला सोडला की शेजारी चिकटतात, आणि पुढे एकत्रच हलतात.

प्रश्न : लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपत नाही. कुठली सेटिंग चुकली आहे?

उत्तर : सेटिंग चुकलेली नाही. सस्पेंड आणि हायबरनेट या यंत्र झोपवण्याच्या दोन्ही सोयी हायकूत नाहीत. यंत्र झोपवायचे म्हणजे प्रत्येक उपकरणाची स्थिती टिपून ठेवायची, वीज तोडायची आणि जागे होताना प्रत्येकाला पुन्हा त्याच स्थितीत आणायचे. हे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये लिहावे लागते. एका ड्रायव्हरने चूक केली तरी यंत्र काळ्या पडद्यावर अडकते. एवढे काम अजून झालेले नाही.

चालू लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवू नका. तो आत चालूच राहतो आणि तापतो. काम जतन करून शटडाउन करा. हायकू सुरू व्हायला फार कमी वेळ लागतो, त्यामुळे ही सवय जड जात नाही. बॅटरी थोडी वाचवायची असेल तर डेस्कबार या पट्टीवर प्रोसेसकंट्रोलर हा छोटा प्रोग्राम ठेवा आणि त्याच्या मेनूत 'पॉवर सेव्हिंग' चालू करा. चालू कामांची वाटणी मग कमी प्रोसेसर जागे राहतील अशी होते.

प्रश्न : घरातल्या तिघांसाठी वेगवेगळी खाती कशी करायची? सुरू होताना पासवर्डही विचारत नाही.

उत्तर : ही उणीव आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. बीओएस एका माणसाच्या यंत्रासाठी रचली होती आणि हायकूने तीच रचना पुढे चालवली. यंत्र सुरू होताच डेस्कटॉप येतो, आणि तिथे चालणारा प्रत्येक प्रोग्राम शून्य क्रमांकाच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतो. फाइलींवर परवानग्या दिसतात, पण सर्वाधिकाऱ्याला त्या अडवत नाहीत. स्क्रीनसेव्हरला पासवर्ड लावता येतो. त्याने समोरून जाणारा माणूस थांबेल. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करणारा थांबणार नाही.

घरासाठी सोपी सोडवणूक म्हणजे प्रत्येकाला १६ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह आणि त्यावर वेगळी हायकू. पेनड्राइव्ह निवडताना यूएसबी ३ चा घ्या, लिहिण्याचा वेग कमी असला की अपडेटला कंटाळवाणा वेळ लागतो. खासगी कागदपत्रे पासवर्ड घातलेल्या सेव्हन-झिप संग्रहात ठेवा आणि फाइलींची नावेही सांकेतिक करण्याचा पर्याय निवडा. तो न निवडल्यास आतला मजकूर झाकतो, नावांची यादी मात्र कुणालाही दिसते. बाहेरून यंत्रात शिरता यावे म्हणून एसएसएच ही सोय चालू करणार असाल तर त्याआधी टर्मिनलमध्ये 'पासडब्ल्यूडी' कमांडने मजबूत पासवर्ड ठेवा. तिथून शिरणारा माणूस सर्वाधिकारी म्हणूनच शिरतो.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोन आणि वेबकॅम दोन्ही चालत नाहीत. ऑनलाइन बैठकीला कसे बसायचे?

उत्तर : हायकूवरून बसता येणार नाही. ब्लूटूथचा पाया लिहिलेला आहे, पण त्यावरून आवाज नेण्याइतके काम झालेले नाही. वेबकॅम आणि पुष्कळ यूएसबी हेडफोन वेगळ्या जागी अडतात. आवाज आणि चित्र यांना यूएसबीवर ठरलेल्या वेळेला ठरलेला तुकडा पोचावा लागतो, उशिरा आलेला तुकडा निरुपयोगी असतो. या प्रकारची वाहतूक हायकूच्या यूएसबी थरात सर्वांत कच्ची आहे. बैठक फोनवर घ्या.

ऐकण्यासाठी ३.५ मिमीच्या जॅकचा साधा हेडफोन वापरा. जॅकमधून आवाज आला नाही तर 'मीडिया' सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुटला योग्य उपकरण निवडून मीडिया सेवा पुन्हा सुरू करा. एचडीएमआयचा आवाजही त्याच यादीत दिसतो आणि पुष्कळदा चुकून तोच निवडलेला असतो. बिनतारी माऊस हवा असेल तर छोट्या यूएसबी रिसीव्हरवाला घ्या. सिस्टिमला तो साधा यूएसबी माऊसच दिसतो.

वाय-फायही लागत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचे यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने देणे) चालू करा. चौथ्या बीटापासून हे चालते, आणि पहिला अपडेट घेण्यासाठी ते फार सोयीचे आहे.

प्रश्न : ६४ जीबीच्या मेमरी कार्डावर फाइल कॉपी होत नाही. पेनड्राइव्हवर कॉपी झाली, पण पत्त्यांच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या!

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे बाजारात एक्सफॅट प्रकारची येतात. हायकू एक्सफॅट वाचते, लिहीत नाही. कार्ड दुसऱ्या यंत्रावर फॅट३२ किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, मोठे व्हिडिओ असतील तर एनटीएफएस घ्या. विंडोजची स्वतःची डिस्क हायकूतून लिहायची असेल तर विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करा. ते चालू असताना विंडोज खरी बंद होत नाही, अर्धी झोपते, आणि अशा डिस्कवर बाहेरून लिहिणे धोक्याचे असते.

शून्य बाइटच्या फाइलींनी घाबरून जाऊ नका, मूळ फाइली तपासा. त्याही शून्य बाइटच्याच दिसतील! हायकूच्या बीएफएस फाइल सिस्टिममध्ये फाइलीला मजकुराशिवाय 'अॅट्रिब्यूट' जोडता येतात. 'पीपल' या पत्ते ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत नाव, फोन, पत्ता सगळे अॅट्रिब्यूटमध्येच असते, मजकूर रिकामा असतो. फॅटला अॅट्रिब्यूट ठाऊक नाहीत, म्हणून कॉपी करताना सगळी माहिती गळते आणि रिकामे टरफल उरते. ई-मेलचा विषय, पाठवणारा, वाचले की नाही हेही असेच जपलेले असते. बॅकअप घेताना आधी हायकूतच झिप करा. तिथला झिप अॅट्रिब्यूट बरोबर घेतो आणि हायकूत उघडल्यावर ते परत मिळतात.

याच अॅट्रिब्यूटवर चालणारा शोध हायकूची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि त्याबद्दलची तक्रारही वारंवार येते: 'शोधात जुन्या फाइली येत नाहीत'. शोधाच्या अटींपैकी निदान एका अॅट्रिब्यूटची त्या पार्टिशनवर सूची असावी लागते. सूची केल्यानंतर लिहिलेल्या फाइलीच तिच्यात नोंदल्या जातात. नवा अॅट्रिब्यूट ठरवलात तर आधी 'एमकेइंडेक्स' कमांडने सूची करा, मग फाइली भरा. आधीच भरल्या असतील तर 'रीइंडेक्स' चालवा. प्रत्येक पार्टिशनची सूची वेगळी असते. फाइलीच्या आतला मजकूर हा शोध पाहत नाही. त्यासाठी फोल्डरवर राइट क्लिक करून 'अॅड-ऑन्स' मधला टेक्स्टसर्च वापरा.

प्रश्न : देवनागरी मजकूर मोडलेला दिसतो. 'कि' मधली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरे सुटी होतात. फाँट बदलून पाहिला.

उत्तर : फाँट कितीही बदललात तरी हे जाणार नाही. फाँटमध्ये आकार असतात. कोणत्या अक्षरक्रमाला कोणता आकार लावायचा आणि वेलांटी उचलून पुढे ठेवायची हे ठरवणारा वेगळा टप्पा असतो. हायकूचा चित्रण करणारा भाग, अॅप सर्व्हर, हा टप्पा करतच नाही. एकेक चिन्ह आले तसे ओळीत मांडतो. त्यामुळे अरबीपासून देवनागरीपर्यंत सगळ्या जोडणीच्या लिप्या हायकूच्या स्वतःच्या प्रोग्रामांत बिघडतात. फाइल मात्र शाबूत असते. तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर नीट दिसते, तेव्हा 'दुरुस्ती' म्हणून अक्षरांचा क्रम हाताने बदलू नका. तसे केल्यास मजकूर खरोखर बिघडेल.

क्यूटी या बाहेरच्या साधनसंचावर बांधलेले प्रोग्राम हा टप्पा स्वतः करतात. लिहिण्यासाठी हायकूडेपो या प्रोग्राम उतरवण्याच्या दुकानातून लिबरऑफिस किंवा क्यूटीचा एखादा संपादक घ्या. फाइलींची नावे मात्र ट्रॅकर या फाइल-व्यवस्थापकात मोडकीच दिसतील, ती तूर्त रोमनमध्ये ठेवलेली बरी.

आपला फाँट घालताना 'सिस्टिम' फोल्डरात घालायला गेलात तर नकार मिळतो. तो फोल्डर पॅकेजांपासून बनतो आणि फक्त वाचण्यासाठी असतो. होम फोल्डरातल्या 'कॉन्फिग', 'नॉन-पॅकेज्ड', 'डेटा', 'फाँट्स' या वाटेवर फाइल ठेवा.

प्रश्न : पैसे भरून घेतलेल्या चित्रपट-सेवा ब्राउझरमध्ये लागत नाहीत.

उत्तर : त्यांना वाइडवाइन हा चोरून प्रत काढण्यापासून अडवणारा कुलूपबंद भाग लागतो आणि तो हायकूसाठी मिळत नाही. ब्राउझर बदलून फरक पडणार नाही. बाकी संकेतस्थळे वेबपॉझिटिव्ह या हायकूच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये अडली तर फाल्कन हा दुसरा ब्राउझर वापरून पाहा.

प्रश्न : अपडेटनंतर यंत्र बूटच्या चित्रावर अडकते. पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल का? ही अडचण विकासकांना कशी कळवावी?

उत्तर : पुन्हा इन्स्टॉल करू नका. हायकू दर बदलाआधीची पॅकेजांची स्थिती ठेवते. ग्राफिक्सच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे स्पेसबार किंवा शिफ्टने बूट मेनू आणा, 'सिलेक्ट बूट व्हॉल्यूम' मध्ये जा आणि अपडेटच्या आधीच्या तारखेची स्थिती निवडा. यंत्र जुन्या पॅकेजांवर सुरू होईल. हा बदल त्या एका बूटपुरता असतो आणि तो फक्त पॅकेजांचा असतो, होममधल्या सेटिंगा आजच्याच राहतात. जुन्या स्थितीतही अडकले तर 'सेफ मोड ऑप्शन्स' मधून 'डिसेबल यूजर अॅड-ऑन्स' लावून पाहा. तरीही नाही झाले तर सुरक्षित व्हिडिओ ड्रायव्हर लावा. एका वेळी एकच पर्याय बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

कळवताना हायकूच्या तक्रार-नोंदवहीत आधी शोध घ्या. तीच अडचण आधी नोंदलेली असेल तर नवी नोंद न करता तिथेच आपली माहिती जोडा. माहितीत तीन गोष्टी हव्यात: 'अबाउट हायकू' मध्ये दिसणारा पुनरावृत्ती क्रमांक, टर्मिनलमधल्या 'लिस्टडेव्ह' (उपकरणांची यादी देणाऱ्या) कमांडचा पूर्ण मजकूर आणि सिसलॉगची, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची, फाइल. पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत कर्नल थांबल्याचा संदेश आला तर 'बीटी' टाइप करून एंटर दाबा आणि येणाऱ्या यादीचा स्पष्ट फोटो घ्या. त्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड पुष्कळदा मुका असतो, तेव्हा सुरुवातीला आलेल्या संदेशाचाच फोटो जोडा. फोटोत पहिली ओळ कापली जाणार नाही असे पाहा, कारण थांबण्याचे कारण त्याच ओळीत असते.